तुतारी एक्सप्रेस, दादर आणि आठवी-नववीची मुलं

चिपळूणला राहून कुमारवयातल्या मुलांसाठी कादंबऱ्या लिहायच्या आणि मग त्या पुस्तकांच्या कार्यक्रमांसाठी मुंबई-पुण्याच्या फेऱ्या मारायच्या, असं गेली काही वर्षं चाललंय. दर वेळी निघताना कोणीतरी विचारतंच, कशाला एवढी दगदग, झूमवर होतं की सगळं आता. घरचेही विचारतात, शेजारचेही विचारतात, आणि परवा तर एका लेखक मित्रानेच विचारलं. त्याला फोनवर धड सांगता आलं नाही म्हणून इथे सविस्तर लिहायला बसलेय, लांबेल थोडं.

आधी प्रवासाचंच सांगते कारण तो मला आवडतो. मुंबईला जायचं तर माझी गाडी ठरलेली, तुतारी. सावंतवाडीहून सुटते, रात्री चिपळूणला येते आणि सकाळी सकाळी दादरला सोडते. पूर्वी हिला राज्यराणी म्हणायचे, २०१७ मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून तुतारी नाव दिलं. केशवसुत आमच्याच जिल्ह्यातले, मालगुंडचे, तिथे त्यांचं स्मारक आहे आणि शाळांच्या सहली गणपतीपुळ्याला गेल्या की तिथेही जातात. पुस्तकाच्या कामाला निघालेल्या माणसाला कवितेच्या नावाची गाडी मिळावी याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, दरडींची भीती असते, त्यामुळे जून ते सप्टेंबर मी शक्यतो कार्यक्रम घेतच नाही.

पुण्याला मात्र एसटी. कुंभार्ली घाट चढायचा, कोयनानगर, पाटण, मग उंब्रजला हायवेला लागलं की थेट स्वारगेट. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि माझ्या कामाला त्याचा खरोखर उपयोग झालाय. हिशोब सांगते म्हणजे कळेल. रॉयल्टी दहा टक्के, पुस्तकाची किंमत दोनशे, म्हणजे एका प्रतीमागे मला वीस रुपये. चांगला कार्यक्रम झाला, पंचवीस-तीस प्रती गेल्या तर पाच-सहाशे रुपये, तेही वर्षाखेरीला हिशोब होईल तेव्हा. प्रवासखर्च देणारे आयोजक आहेत, पण सगळे नाहीत, आणि शाळा किंवा छोटी वाचनालयं असतील तर मी मागतही नाही. मग अशा वेळी अर्ध्या तिकिटाने एक जास्तीची शाळा करता येते. कुमारसाहित्य लिहिणाऱ्या बायका तालुक्याच्या गावांतून शहरात जास्त दिसायला लागल्यात असं मला वाटतं, आणि त्याला ही अर्धी तिकिटंही थोडी कारणीभूत असणार.

आता कार्यक्रमांबद्दल.

शहरातला आपला नेहमीचा पुस्तक प्रकाशनाचा कार्यक्रम तुम्हाला माहितीच आहे. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, पुण्यात असेल तर पत्रकार भवन नाहीतर एस. एम. जोशी सभागृह नाहीतर टिळक रोडला साहित्य परिषदेचं पटवर्धन सभागृह. दीपप्रज्वलन, स्वागत, परिचय, पुष्पगुच्छ, प्रकाशकाचं मनोगत, प्रमुख पाहुणे, मग लेखकाचं मनोगत, मग अध्यक्षीय भाषण, आभार, चहा. समोर बसलेली मंडळी बहुतेक साठीच्या पुढची. ही माणसं मला फार प्रिय आहेत, खरं सांगते, त्यांनीच मराठी पुस्तकांचे कार्यक्रम जिवंत ठेवलेत, ऊन असो पाऊस असो ती येतात, शेवटपर्यंत बसतात आणि जाताना नातवासाठी एक प्रत घेऊन सही करायला नाव सांगतात. पण ज्याचं नाव सांगतात तो नातू कुठे असतो? तो असतो क्लासला. शनिवारी संध्याकाळी तेरा-चौदा वर्षांचं पोर रिकामं असेल अशी घरं शहरात आता फार नाहीत. मी चौदा वर्षांच्या मुलांसाठी दोन-दोन वर्षं खपून लिहायचं आणि ते पुस्तक लोकांसमोर येताना हॉलमध्ये चौदा वर्षांचं कुणीच नसायचं, हे मला कायम खटकत आलंय.

एकदा तर मुलं आली होती आणि तरीही ती माझ्या हाती लागली नाहीत. शहराचं नाव नको, संस्थेचंही नको. एका शाळेच्या बाई आठवीचा अख्खा वर्ग घेऊन आल्या होत्या, मुलं चारपासून पुढच्या तीन रांगांत बसलेली, हातात वही, प्रश्न लिहून आणलेले. प्रमुख पाहुणे राजकारणातले, त्यांना यायला तासाहून जास्त उशीर झाला, ते आल्याशिवाय सुरू करायचं नाही असं ठरलेलं. मग ते आले, बोलले, त्यांचा सत्कार झाला, त्यांना पुढे जायचं होतं म्हणून मध्येच सगळे उठून फोटो झाले. तेवढ्यात मुलांची व्हॅनची वेळ झाली. बाईंनी लांबूनच हात जोडले आणि एकेक रांग उठून गेली. मी बोलायला उभी राहिले तेव्हा समोर तीन रांगा रिकाम्या होत्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पाहुण्यांना काय, त्यांना दिवसात असे चार कार्यक्रम असतील, पण त्या मुलांनी प्रश्न लिहून आणले होते हो. ते काय होते हे मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून मी आयोजकांना आधीच सांगते की पहिला अर्धा तास मुलांचा. आधी वाचन, मुलांचे प्रश्न, मग काय ते दीपप्रज्वलन करा, सत्कार करा, मी शेवटपर्यंत बसते. काहीजण लगेच हो म्हणतात, काहीजण बघू म्हणतात, एकदोघांनी नंतर फोनच केला नाही. चालेल.

दुसरी गोष्ट कपाटाची. पुस्तकाच्या दुकानात किंवा स्टॉलवर गेलात तर बघा, एका टेबलावर बालसाहित्य, म्हणजे चित्रांची पुस्तकं, पंचतंत्र, अकबर-बिरबल, ससा-कासव. त्याच्या शेजारी एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्या, चरित्रं, सेल्फ-हेल्प. मधल्यांसाठी खण नाही. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला ते फार चांगलं झालं, पण त्यातही नऊ ते सोळा वयाचा वाचक एकत्रच धरलेला आहे. नऊ वर्षांचं पोर आणि सोळा वर्षांचं पोर! एकाला अजून आई भरवते आणि दुसऱ्याला आईने व्हॉट्सअॅपवर काय स्टेटस ठेवलं याचीही लाज वाटते. या वयाला स्वतःचं टेबल हवंय. बालसाहित्य लिहिलेल्या बोर्डाखाली नववीतली मुलगी उभी राहणार नाही, तिच्या मैत्रिणीने बघितलं तर काय, हा प्रश्न तिच्यासाठी फार मोठा असतो आणि तो मोठाच आहे, आपणही त्या वयातून गेलोय.

हे मी प्रत्यक्ष बघितलंय. पुण्यात नॅशनल बुक ट्रस्टने डिसेंबर २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव सुरू केला, तिथे एका स्टॉलवर मी बसले होते. तिथली गर्दी बघून मन भरून येतं, कॉलेजची मुलंमुली घोळक्याने येतात, पिशव्या भरून पुस्तकं नेतात, मराठी कोण वाचतं असं म्हणणाऱ्यांना तिथे नेऊन उभं करायला पाहिजे. तर दुपारी एक मुलगी आली, तेरा-चौदाची असेल, शाळेचाच टी-शर्ट, पाठीला सॅक, सोबत आई. आई मोठ्यांच्या पुस्तकांत रमली. ही बालसाहित्याच्या टेबलापाशी आली, माझ्या कादंबरीवरून हात फिरवला, मागचं कव्हर वाचलं, अगदी पूर्ण वाचलं, मी बघत होते. मग तिने वर टांगलेला बोर्ड बघितला, पुस्तक उलटं ठेवलं आणि समोरच्या इंग्रजी स्टॉलवर निघून गेली. मला तिच्या मागे जावंसं वाटलं पण गेले नाही, असं मागे लागलेलं त्या वयात कुणालाच आवडत नाही. स्टॉलवरच्या दादांना म्हटलं की या चार प्रती तिकडे कादंबऱ्यांच्या टेबलावर ठेवाल का. त्यांनी लगेच ठेवल्या, अगदी कोपऱ्यावर जिथे येताजाता दिसेल तिथे. संध्याकाळपर्यंत त्यातल्या दोन गेल्या आणि दोन्ही शाळकरी मुलांनीच घेतल्या. टेबल बदललं फक्त. एवढ्याशा गोष्टीने वाचक मिळतो तर आपण ते का करत नाही?

आता दादरचं सांगते, ज्याच्यासाठी खरं म्हणजे हे सगळं लिहितेय.

तुतारीने उतरलं की मी आधी पुलावरून फुलबाजारात डोकावते, तिथे तेव्हा नुसता झेंडूचा आणि ओल्या पानांचा वास असतो आणि चालायला जागा नसते. मग परळला मावशीकडे जायचं, आंघोळ, पोहे, मावशीचा तोच प्रश्न की एवढी पुस्तकं पाठीवर घेऊन कशी गं येतेस, आणि अकराच्या आत परत दादरला. वेळ असेल तर छबिलदास गल्लीत आयडियल या पुस्तकांच्या दुकानात एक चक्कर. कार्यक्रम एका छोट्या वाचनालयात होता, ग्रंथपाल बाईंनी जवळच्या दोन शाळांची आठवी-नववीची मुलं बोलावली होती. एक मराठी शाळा, एक इंग्लिश मीडियम. २०२० च्या कायद्याने आता सगळ्याच बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे त्यामुळे इंग्लिश मीडियमची मुलंही वाचू शकतात, पण हळू वाचतात आणि त्यांना त्याचा संकोच असतो. म्हणून मी नेहमी एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवते. कानाने ऐकताना दोन्ही शाळांची मुलं सारखीच होतात, हे मी परत परत बघितलंय, जोक एकाच वेळी कळतो आणि भीतीही एकाच वेळी वाटते.

माझी दुसरी कादंबरी २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरावर आहे. बाजारपेठेत आजीचं वह्या-पेनांचं दुकान, आजी आणि चौदा वर्षांची नात पहाटे दुकानातला माल वर चढवायला जातात आणि तिथेच अडकतात, पाणी वाढत जातं, दोघी माळ्यावर. दिवसभर माळ्यावर. तेच प्रकरण वाचत होते. वाचून झालं, ग्रंथपाल बाई म्हणाल्या विचारा मुलांनो प्रश्न, आणि नेहमीसारखी सगळी एकमेकांकडे बघायला लागली. मग मागून एक मुलगा उठला, लुकडा, चष्मा, शर्ट बाहेर आलेला.

"मॅम, त्या दिवसभर माळ्यावर होत्या ना, मग त्यांनी शू कुठे केली?"

सगळा हॉल हसला. त्याचे सर तर उठलेच त्याला गप्प करायला. मी म्हटलं सर थांबा, फार चांगला प्रश्न आहे. आणि मी त्यांना सांगितलं, की लिहायच्या आधी मी बाजारपेठेतल्या बऱ्याच बायकांशी बोलले, माळ्यावर, गच्चीवर, कौलांवर बसून दिवस काढलेल्या. त्यातल्या कितीतरी जणींनी मला सांगितलं की पाणी प्यायची बाटली जवळ होती तरी त्या प्यायल्या नाहीत, कारण प्यायलं तर जावं लागेल आणि जाणार कुठे, समोरच्या गच्चीवर सगळे पुरुष. चारी बाजूंनी पाणी आणि या तहानलेल्या बसून. हे ऐकल्यावर हसणं थांबलं. पुढच्या रांगेतल्या दोन मुली तर माझ्याकडे अशा बघत होत्या की त्यांना हे अगदी आतून कळलंय. तो मुलगा मात्र बसला नाही. म्हणाला, "हे पुस्तकात आहे?" म्हटलं आहे, नवव्या प्रकरणात. तो सरळ टेबलापाशी आला, प्रत उचलली, नववं प्रकरण काढलं आणि तिथे उभ्या उभ्याच वाचायला लागला, दुसऱ्या मुलांचे प्रश्न सुरू झाले तरी तो वाचतच होता.

आता गंमत बघा, नाही, गंमत नाही, मला याचं वाईटच वाटतं. पुण्यात एका संध्याकाळच्या कार्यक्रमानंतर एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला बाजूला घेऊन अतिशय आपुलकीने सांगितलं होतं की पुस्तक उत्तम आहे पण पुढच्या आवृत्तीत नवव्या प्रकरणातला तेवढा परिच्छेद काढा, मुलांच्या पुस्तकात शोभत नाही. परीक्षणं जी काही आली त्यात त्या परिच्छेदाचा उल्लेखही नाही. आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्या मुलाला पहिली शंका तीच आली! मला तेव्हा तिथे दादरला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मी तो परिच्छेद काढणार नाही.

झूमचं म्हणाल तर तेही केलंय मी. कॅमेरे बंद, माइक बंद, काळ्या चौकोनात नावं, आणि बाईंनी आधीच निवडून दिलेले प्रश्न एकेकजण वाचून दाखवतो, "आपल्याला लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?" रेकॉर्डिंग चालू आहे हे माहीत असताना शूचा प्रश्न कोण विचारेल? त्याला मित्राचा कोपर लागावा लागतो, मागची रांग लागते, सगळे हसले तरी आपण उभं राहायचं हे ठरवायला तो एक क्षण लागतो. आणि बोलणाऱ्यालाही मुलांचे चेहरे दिसावे लागतात, कुठे कंटाळलीत, कुठे पुढे सरकून बसलीत. माझ्या पुढच्या पुस्तकातली प्रकरणं लहान झाली ती या वाचनांमुळे, कारण बाराव्या-तेराव्या मिनिटाला पाय हलायला लागतात हे मला समोर बसूनच कळलं.

आणि हेच पुस्तक घेऊन मी आमच्याकडच्या शाळांतही जाते, तिथे चित्र अगदी वेगळं असतं. मुंबईची मुलं विचारतात की असं कसं झालं, आमची मुलं मला दुरुस्त करतात. "मॅडम, पाणी नदीकडून नाही आलं आधी, आमच्याकडे गटारातून वर आलं." "मॅडम, फोनला रेंज नव्हतीच, तुम्ही बरोबर लिहिलंय." त्यांनी तो दिवस बघितलाय, तेव्हा प्राथमिक शाळेत होती ती. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालचं, त्याच पुरात तिथली हजारो पुस्तकं गेली. २०१३ मध्ये याच चिपळूणला साहित्य संमेलन झालं होतं, तेव्हा गावभर पुस्तकांच्या गप्पा होत्या. शहरातले लेखक एरवीही इकडे यायला हवेत असं मला फार वाटतं. मी जाते तशी त्यांनीही उलटी तुतारी पकडावी, रात्री दादरला बसलं की दिवस उजाडायच्या आत चिपळूण येतं, आणि ऐकायला बसणारी मुलं मी गोळा करून देते, त्याची काळजी नको.

आता कोणी शिक्षक किंवा ग्रंथपाल हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडं कामाचं. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला, फक्त गॅदरिंगचा आठवडा टाळायचा. फेब्रुवारीनंतर मुलांना सोडूनच द्या, दहावीची परीक्षा लागते आणि बाकी वर्गांनाही तोच ताप. वेळ सकाळी अकरा ते एक, शाळेच्याच वेळात, म्हणजे क्लास आडवा येत नाही. स्टेज नको, शक्यतो सतरंजीवर सगळे एकत्र बसू, चाळीस-पन्नास मुलं असतील तर माइकही नको. प्रश्न आधी तपासू नका, प्लीज, काय विचारायचं ते विचारू दे, मला काही वाटत नाही. पुष्पगुच्छाचे पैसे असतील तर त्यात वर्गाच्या वाचनालयाला एक पुस्तक येतं, माझंच पाहिजे असं नाही, कुठलंही, पण ते मुलांनी निवडलेलं असू दे.

नवीन कादंबरी दिवाळीनंतर येतेय. गोवळकोटच्या खाडीवरची आहे, त्यात मगरी आहेत, आमच्या वाशिष्ठी नदीत खरंच आहेत त्यामुळे त्या मला घ्यायच्याच होत्या, आणि यावरून मुलं मला काय काय विचारणार या विचारानेच मी आत्तापासून खूश आहे. डिसेंबरमध्ये पुणे करायचं चाललंय आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दादर, तारखा पक्क्या झाल्या की टाकते. आठवी-नववीची मुलं घेऊन कोणी येणार असाल तर किती मुलं आणि परतीची गाडी कितीला हे आधी कळवा, कार्यक्रम त्या हिशोबाने सुरू करू, पाहुणे आलेले असोत नसोत.